मावशीकडे निघालेलं गठुडं

आमच्या घरी प्रवासाची जेवढी तयारी व्हायची तेवढी गावात कुणाच्याच घरी होत नसेल. जाणं मात्र होत नसे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते वसमतच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर जाळीच्या खिडकीत बसून माइकवरून साऱ्या दुनियेला हिंगोली, परभणी, नांदेड, पुसदला धाडायचे आणि संध्याकाळी कुरुंद्याला घरी येऊन ओसरीवर काशी-रामेश्वरचे बेत करायचे. बेतही कसे, अगदी बारीक. कुठल्या गाडीने पूर्णेला जायचं, पुढे कुठली धरायची, काशीला कोणत्या धर्मशाळेत उतरायचं, परत येताना गंगेचं पाणी किती आणायचं आणि कुणाकुणाला वाटायचं. या वाटण्यावरून एकदा आईचं आणि त्यांचं जुंपलं. आईच्या माहेरच्यांना गडू आणि काकांच्या सासरच्यांना कळशी, असा हिशोब तिला पटेना. न आणलेल्या गंगाजलावरून दोघांचा दोन दिवस अबोला होता.

मी तेव्हा हसायचे. आता त्या बेतांची आठवण आली की राग येतो, आणि राग आला की दादांचा तो खिडकीतला चेहरा डोळ्यांपुढे येऊन वाईटही वाटतं. ते वाईट नव्हते. घाबरट होते. इतक्या गाड्या रोज डोळ्यांसमोर सुटताना बघितल्या, चुकलेली माणसं, हरवलेली लेकरं, खिसे कापलेले म्हातारे बघितले की माणसाला प्रवासाची धास्ती बसत असावी. पण भीती वाटते असं म्हणणार कसं? मग पंचांग कामाला यायचं.

मला प्रश्न विचारायची खोड होती आणि प्रवासाइतके प्रश्न दुसऱ्या कशानेच पडत नसत. निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, तिघांनी मिळून निघायचं नाही, नवव्या दिवशी परतायचं नाही. मंगळवार-बुधवार उत्तरेला जायचं नाही. मी म्हणायचे, आपल्याला मांजर आडवं गेलं तर आपलं काम बिघडतं, मग आपण मांजराला आडवे गेलो तर त्याचं काय होतं? तेही बिचारं कुठं तरी कामालाच निघालेलं असणार. दादा म्हणायचे, "लई शहानपना करू नको." आई मात्र हसून म्हणायची, "इचारू द्या की. तिची मावशी बी अशीच व्हती."

ही मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, आईची आक्का. आई पाळण्यात असतानाच आजी गेली आणि दहा-बारा वर्षांच्या आक्काने तिला कडेवर घेतलं. आईला पहिला घास आक्काने भरवला, वेणी घालायला आक्काने शिकवलं, आईचं लग्न जमवतानाही नवरा बघायला आक्काच आली होती. स्वतः मात्र ती लांब पडली. अकोल्याच्या पुढे वऱ्हाडात एक लहानसं गाव आहे, तिथे दिली होती. दोघींची शेवटची भेट मी रांगत होते तेव्हाची. त्यानंतर ‘पुढच्या वर्षी जाऊ’ म्हणता म्हणता मी नववीत पोचले.

जायला अडचण काय होती, असं कुणी विचारेल. वसमतहून तेव्हा छोटी रेल्वे होती, थेट अकोल्याला जायची. रमतगमत जायची हे खरं, पण जायची. आईला बस लागायची, अगदी वसमतला जाऊन यायचं म्हटलं तरी हातात लिंबू धरावं लागे. रेल्वे मात्र तिला चालायची. पुढे रूळ रुंद करायला ती गाडी बंद केली, काही वर्षं नुसता भराव पडून होता, आणि आता मोठी गाडी धडधडत जाते. मी नांदेडला नोकरीला लागल्यापासून त्या रस्त्याने कितीदा गेले असेन. तिकीट काढायला बसले की अजूनही आधी वार बघते, मग स्वतःवरच चिडते, आणि चिडून मुद्दाम बुधवारचं काढते. यालाही श्रद्धाच म्हणायची, फक्त उलटी.

त्या वर्षी आमची हळद काढणीला आली होती. शाळा सकाळची झाली होती. एक दिवस दुपारी हळदीचं बेणं बघायला वऱ्हाडातला एक माणूस आला. मावशीच्या सासरचा, नात्यातला. चहा पिऊन झाल्यावर त्याने बशी खाली ठेवली आणि आईकडे न बघताच निरोप सांगितला. मावशीचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याला अंधारी यायला लागली होती. तिने सांगून पाठवलं होतं, "माह्या डोळ्यात उजेड आहे तोवर एकडाव ये अन् तोंड दाखवून जा."

आई उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली. चूल विझलेली होती तरी ती फुंकणी घेऊन फुंकत राहिली. थोड्या वेळाने बाहेर आली ती एवढंच म्हणाली, "मी जाऊन येते."

दादांनी नाही म्हटलं नाही. मला तेव्हा याचंच नवल वाटलं. त्यांनी लगेच पंचांग काढलं, बोट फिरवलं, आणि म्हणाले की येत्या शुक्रवारइतका चांगला दिवस पुढे महिनाभर नाही. पण शुक्रवारी निघणं शक्य नव्हतं. हळद शिजवणारी टोळी कढया घेऊन शनिवारी आमच्या शेतात येणार होती, आणि दादांची रजा मंजूर व्हायची होती. आईला एकटीला पाठवायचं तर घरात कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्या स्वतःच्या मनातही नाही, हे मला जास्त लागतं. मग यावर आमच्याकडे जो तोडगा असतो तो निघाला. शुक्रवारी प्रस्थान ठेवायचं.

म्हणजे माणसाने निघायचं नाही, पण त्याचं गठुडं चांगल्या मुहूर्तावर घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग पाच रात्रींच्या आत कधीही निघालं तरी मुहूर्त त्या शुक्रवारचाच लागू. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मूठभर तांदूळ, सुपारी आणि घरचं एक हळकुंड बांधलं. आईने त्याला कुंकू लावलं. मी ते समोरच्या काकूंच्या घरी भिंतीतल्या देवळीत ठेवून आले. बेण्याच्या सौद्यासाठी गावात थांबलेला तो माणूस त्याच दिवशी परत निघाला. जाताना त्याने देवळीतलं गठुडं डोळ्यांनी बघितलं आणि दादांना म्हणाला, "मंग सांगतो मी तिकडं. निंगाल्या म्हून."

"व्हय, बराबर," दादा म्हणाले. "निघालीच समजा."

त्या रात्री आई खुशीत होती. मी तिला विचारलं, गठुडं निघालं तर तू इथं कशी? ती म्हणाली, "मी बी निघालेच की. फकस्त पाय मागं राह्यलेत."

पण आईच्या माहेरी प्रस्थानाची आणखी एक बाजू होती, ती आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हती. ज्याच्या घरी जायला प्रस्थान ठेवलं, त्या घरच्या बाईने पाहुणी पोचेपर्यंत गावची वेस ओलांडायची नाही. वाटेवरच्या माणसाला दार बंद दिसलं तर त्याचं सगळं आयुष्य वाटेवरच जातं, अशी समजूत. आईने हे मला सहज सांगितलं, भाकरी थापता थापता. "आता आक्का कुठं जायची न्हाई. दारातच बसंल बघ."

टोळी शनिवारी आली नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात अडकली. आली तेव्हा तीन रात्री उलटल्या होत्या. मग कढया चढल्या, धूर झाला, शिजलेली हळद खळ्यावर पसरली, आणि दादांच्या रजेचं उत्तर आलं की लग्नसराई आहे, गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात बघू. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पाचवी रात्र आली. आई म्हणाली, "न्हाई जमत तर गठुडं घरी आना. आक्काला निरोप धाडा की आता न्हाई येत, मंग कळवू."

दादा ऐकेनात. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणणं म्हणजे मोडलेला प्रवास, तो पुन्हा लागत नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग त्यांनी एक युक्ती काढली, जी कुठल्या शास्त्रात असेल असं मला वाटत नाही. गठुडं परत आणायचं नाही, पुढे न्यायचं. समोरच्या काकूंकडून उचलून गावाच्या शेवटच्या घरी ठेवायचं, वसमतच्या रस्त्याला. म्हणजे प्रवास थांबला नाही, पुढे सरकला. पाच रात्री पुन्हा मोजायला मोकळ्या.

मी ते घेऊन गेले. शेवटचं घर नर्सबाईंचं होतं. सरकारी दवाखान्यात नोकरी, घरात बुद्धांची तसबीर, आणि तोंड फटकळ. मी गठुडं पुढे केलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन वरखाली बघितलं. "मी न्हाई मानत असलं काही," त्या म्हणाल्या, "पन तुझ्या आईचं हाय ना, ठेव त्या कपाटावर. मुहूर्त खाली पडून फुटला तर मला सांगू नका." मला हसू आलं. घरी सांगितलं तर आईही हसली. ते हसणं शेवटचं.

कारण दुसऱ्याच आठवड्यात अवकाळी आली. संध्याकाळी आभाळ भरलं, खळ्यावर हळद उघडी, आणि आम्ही सगळे ताडपत्र्या घेऊन धावलो. निम्मी हळद भिजली. ती पुन्हा पसरणं, उलटणं, काळी पडलेली वेगळी करणं, यात आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले. काम तिच्यावाचून अडत होतं हे खोटं नाही. पण काम अडत होतं म्हणून दादांना किती बरं वाटत होतं, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पाणवठ्यावर बायका तिला छेडायला लागल्या. "काहून, वऱ्हाडातून कधी आलात?" "आमी तर ऐकलं तुमी निघाल्या म्हनून!" पहिल्यांदा आईही उलट बोलायची. नंतर ती पाण्याला भल्या सकाळी जायला लागली, कुणी नसताना. माणूस गावात आहे आणि सगळे म्हणतात तो गेलाय, याने मनाला काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. तिने नवं लुगडं पेटीतून काढून वर ठेवलं होतं ते ना घालायची, ना परत पेटीत ठेवायची. जेवताना मधेच थांबून विचारायची, "आता अंधारी किती आली असंल?" मी डोळे मिटून, किलकिले करून बघायचे की अर्धं आंधळं होणं कसं असतं. एकदा एका डोळ्यावर रुमाल बांधून अंगणातून चालले आणि तुळशीच्या कट्ट्यावर आपटले. दादा ओरडले. आई मात्र जवळ येऊन विचारायला लागली, "काय दिसत व्हतं? मानसाचं तोंड दिसतं का तेवढ्यात?" मी म्हटलं, दिसतं. तिला तेवढंही पुरलं.

पाच रात्री पुन्हा संपल्या आणि दादांनी गठुडं पुन्हा पुढे नेलं. या वेळी स्वतःच, ड्युटीला जाताना. वसमतला स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात, गल्ल्याच्या वरच्या फळीवर. संध्याकाळी येऊन मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता काय, निम्मी वाट झाली."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. इतकं सावकाश तिने कधी कुणाकडे पाहिलेलं मला आठवत नाही. "ती दारात बसून राह्यली आसंल," ती म्हणाली. "तिला मोकळी तरी करा. एक तर मला न्या, न्हाईतर ते गठुडं घरी आना. दोन्हीतलं एक करा."

"आता हातातोंडाशी आलंय अन् मोडायचं का?" दादा म्हणाले. "आठ दिवसात रजा मिळती. आगगाडीनं जाऊ, आरामात."

नर्सबाई एकदा हळद मागायला आल्या. कपाटावरचं गठुडं गेल्याचं त्यांच्या ध्यानात होतं, त्यांना वाटलं आई गेली. आईला खळ्यावर बघून त्या थबकल्या. आईने मावशीच्या डोळ्याचं सांगितलं. नर्सबाईंनी विचारलं, "मोतीबिंदू की काचबिंदू?" आईला ते माहीत नव्हतं. निरोप आणणारा माणूस म्हणाला होता डोळा दुखतो, डोकं धरतं, दिव्याभोवती रंग दिसतात. एवढं ऐकून नर्सबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आईचा पिवळा हात धरला. "मोतीबिंदू असला तर कवा बी कापा, दिसतं. हे तसं वाटत न्हाई मला. याच्यात गेलेली नजर मागारी येत न्हाई, बाई. जे राह्यलंय तेवढं दवाखान्यात जाऊन राखायचं असतं, अन् ते बी लवकर. तिचे डोळे काय तुमच्या मालकाचा मुहूर्त बघून जानार हायेत का?"

आईने हातातली फावडी खाली ठेवली. घरी आली, हात घासले, पिवळेपणा निघेना तशी नाद सोडला. नवं लुगडं नेसली. मला म्हणाली, "चल." मी म्हटलं आज बुधवार आहे. जाशील बुधी तर येशील कधी, हे मला तिनेच शिकवलं होतं. ती म्हणाली, "म्हाईत हाय मला."

वसमतला पोचेपर्यंत तिला दोनदा उलटी झाली. स्टँडवर उतरून ती आधी हॉटेलात गेली, मालकाला म्हणाली, "आमचं गठुडं द्या." त्याने फळीवरून काढून दिलं, चहाच्या वाफेने कापड ओलसर झालं होतं. ते घेऊन ती दादांच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. दादा माइकवर होते, परभणी विनाथांबा की काहीतरी सांगत होते. तिला बघून मधेच थांबले. माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या स्टँडने ऐकलं.

"मी निघून राह्यले," आई म्हणाली. "तुमी येता का?"

दादा म्हणाले, "अगं, पन आज..." आणि मग त्यांनाही ऐकू आलं की आपला आवाज कर्ण्यातून येतोय. त्यांनी बटण बंद केलं. दोन-तीन हमाल हसले. दादा खिडकीमागून उठले, शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं, टोपी घेतली आणि बाहेर आले. रजा नाही, पंचांग नाही, अंगावर ड्युटीचाच खाकी शर्ट. आम्ही तिघं मिळून निघालो, बुधवारी, उत्तरेला. हिंगोलीची गाडी लागलेली होती. आगगाडीला अजून किती वेळ आहे असं दादा म्हणत होते, पण आई त्याआधीच बसमध्ये चढली होती.

तो प्रवास मी सांगत नाही. वाशिमच्या पुढे आईच्या पोटात काही उरलं नव्हतं तरी ती वाकत होती, आणि दादा आपल्या टोपीने तिला वारा घालत होते. अकोल्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात शिरलो.

मावशी दारातच बसली होती. उंबऱ्याच्या बाहेर, पाय पायरीवर, तोंड रस्त्याकडे. आमच्याकडेच बघते आहे असं वाटलं आणि मी हात वर केला. तिने काहीच केलं नाही. आई धावत गेली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मावशीचा हात आधी तिच्या केसांवर आला, मग कानावर, मग खांद्यावरून बांगड्यांपर्यंत. हात तिथे थांबला.

"आली काय वं," ती म्हणाली. "लय उशीर केला बाई. आता काईच नाही दिसत मले."

शेवटचा उजेड आठवड्यापूर्वी गेला होता. हे तिने सांगितलं नाही, तिच्या मुलाने सांगितलं, गोठ्यापाशी, दादांना, आणि मी तिथेच होते. डॉक्टरांनी अकोल्याला ऑपरेशनचा दिवस दिला होता. बैलगाडी जुंपली, पिशवी भरली, आणि मावशी वेशीपर्यंत येऊन खाली उतरली. म्हणाली, बहिणीचं प्रस्थान पडलंय, ती वाटेवर आहे, मी वेस वलांडत नाही. ती येऊ दे, तिले पाहू दे, मग कापा काय कापायचं ते. सगळ्यांनी हातापाया पडून बघितलं. तुम्हाला कळवू म्हटलं तर तेही करू देईना. "भिऊन जाईल, हळद टाकून पळत येईल." मुलगा दुसऱ्यांदा दिवस घेऊन आला, तेव्हाही तिने तेच केलं. नजर गेल्यावर मुलाने डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वेळेवर आली असती तर थोडीफार राहिली असती. कदाचित नसतीही.

हे ‘कदाचित’ दादांनी पुढे आयुष्यभर धरून ठेवलं. त्या क्षणी मात्र ते मुलाच्या हातातली कडब्याची पेंढी घेऊन बैलांना घालायला लागले, एक झाली, दुसरी झाली. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या काका, इतकं नाही खात ते."

मला दादांची चीड आली. मावशीचीही आली. दोन माणसं एका गठुड्याच्या दोन टोकांना बसून राहिली होती, एक जात नव्हता आणि एक हलत नव्हती, आणि दोघांनाही वाटत होतं आपण दुसऱ्याचं भलं करतो आहोत. मी शहाणी, मला आधी का नाही सुचलं, असंही काही वाटलं नाही. नुसती चीड होती. आणि आता आईला हे कोण सांगणार?

कुणी सांगावं लागलं नाही. मावशीनेच सांगितलं, अगदी साधेपणाने, जणू पाऊस कधी पडला ते सांगावं तसं. "तू वाटेवर होतीस ना, मग मी कशी जाऊ?" आईने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं ते तिथेच राहिलं. ती रडली नाही.

संध्याकाळी मावशीने तिला समोर बसवलं. "सांग आता, कशी दिसतं?" ती म्हणाली. "जाड झाली का? केस पिकले?"

आईचे केस कानशिलावर पांढरे झाले होते. तोंड चुलीने आणि उन्हाने करपलं होतं, पुढचा एक दात पडला होता. "न्हाई," आई म्हणाली. "तशीच हाय मी."

"मले वाटलंच. मले तुझं लगनातलंच तोंड दिसते. हळद लागलेलं." मावशी हसली, आईचा हात तिने वर उचलून नाकाशी नेला. "आत्ता बी हळदीचा वास येऊन राहिला." मग तिने मला बोलावलं आणि माझ्या तोंडावरून बोटं फिरवली, नाकावर थांबली, ओठांवर थांबली. मी हलले नाही. मला तिने रांगताना पाहिलेलं, आता तेच तिच्यापाशी राहणार होतं. पाठमोरी होऊन आई पदराने तोंड पुसत होती.

रात्री अंगणात माझ्याशेजारी पडल्यावर ती हळूच म्हणाली, "मी आले खरी. पन तिच्यासाठी मी आलेच न्हाई गं." मी तिच्या अंगावर हात टाकला.

आम्ही चार दिवस राहिलो. आईने मावशीला न्हाऊ घातलं, वेणी घातली, घास भरवले. मावशी म्हणायची, "पुरं वं, मले हातानं खाता येते." आई ऐकत नव्हती. निघताना दोघी रडल्या, वेशीपर्यंत मावशी मुलाचा हात धरून आली आणि तिथे थांबली. आमची गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती कुठे बघत होती ते मला कळलं नाही.

परतताना पुन्हा बसच मिळाली. दादा आईच्या शेजारी बसले होते. चार दिवसांत दोघं कामापुरतंच बोलले होते. हिंगोली मागे पडल्यावर ते जरा खाकरले. आईच्या हातातलं लिंबू सुकलं होतं, त्यांनी खिशातून नवं काढून दिलं, मागच्या थांब्यावर उतरून कधी घेतलं कुणास ठाऊक. मग म्हणाले, "दिवाळी झाल्यावर आपन पुन्ना येऊ. चांगला दिवस बघू, आगगाडीनं येऊ. तुला काही तकलीफ होऊ द्यायचो न्हाई."

आईने लिंबू घेतलं, नखाने सालीला टोचलं, वास घेतला. खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "आता दिवस कशाला बघता? तिला आता सगळे सारखेच."